जकातीची पावती आणि मिठादरचा पाळणा

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की मशिदींच्या दारात पावतीपुस्तके दिसू लागतात. मदरशाचे सफीर, अनाथालयाचे कार्यकर्ते, दवाखाना चालवणारी एखादी जमात, गरीब मुलींच्या लग्नासाठी झटणारे मंडळ, सगळे एका ओळीत उभे असतात. देणाऱ्याला सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, ‘जकात की लिल्लाह?’ जकात म्हणजे वर्षभर बाळगलेल्या बचतीतले, सोन्याचांदीतले, व्यापारी मालातले अडीच टक्के. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी ऐपत असलेल्या प्रत्येक मुसलमानावर ती नमाज-रोजासारखीच फर्ज आहे. ती कोणाला द्यायची, हेही कुरआनने ठरवून दिले आहे. लिल्लाह म्हणजे अल्लाहच्या नावाने दिलेले ऐच्छिक दान, त्याला एवढी बंधने नाहीत. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, म्हणून हा प्रश्न.

पावती खिशात गेली की देणाऱ्याचा विचार बहुधा थांबतो. फर्ज उतरले. पुढे तो पैसा कसा पोहोचतो, घेणाऱ्याला त्यासाठी काय सोसावे लागते, याची चौकशी फार कोणी करत नाही. ती का करायला हवी, हे समजून घ्यायला कराची शहराकडे पाहावे लागते. जकातीची सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगली, दोन्ही रूपे तिथे काही किलोमीटरच्या अंतरात सापडतात. शिवाय त्यातल्या चांगल्या रूपाचे मराठवाड्यावर एक जुने ऋण आहे.

आधी वाईट रूप. सप्टेंबर २००९, रमजानचा शेवटचा टप्पा. कराचीच्या खोरी गार्डन या दाट व्यापारी वस्तीत एक जण गरीब बायकांना फुकट पिठाचे वाटप करत होता. अरुंद जिन्यात आणि गल्लीत चेंगराचेंगरी झाली आणि अठराहून अधिक बायका-मुली दगावल्या. चौदा वर्षांनी, ३१ मार्च २०२३ रोजी, पुन्हा रमजानातच, शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आवारात मदत घ्यायला आलेल्या गर्दीत किमान अकरा जण गेले. त्यातही बहुतेक बायका आणि मुले. दोन्ही वेळी देणाऱ्याची नियत खोटी होती असे म्हणता येणार नाही. पीठ खरे होते, पैसेही खरे होते. फक्त दार एक होते आणि हात शेकडो.

अशी वेळ येऊ नये म्हणून जकात सरकारनेच गोळा करावी, असा एक मतप्रवाह आहे. पाकिस्तानने तेही करून पाहिले. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९८० साली जकात व उश्र अध्यादेश निघाला आणि रमजानच्या पहिल्या तारखेला बँकेतल्या बचत खात्यांतून अडीच टक्के रक्कम परस्पर कापली जाऊ लागली. शिया समाजाने इस्लामाबादेत मोठे आंदोलन करून स्वतःची सुटका करून घेतली. इतरांनी सोपा मार्ग शोधला. रमजानचा चांद दिसायच्या आत खात्यातले पैसे काढायचे आणि ईदनंतर पुन्हा भरायचे. दरवर्षी शाबान महिन्याच्या अखेरीस तिथल्या बँकांत रांगा लागत. गंमत अशी की हीच माणसे तेच पैसे घेऊन दुसऱ्या दारात जाऊन जकात देत होती. जकात चुकवायची नव्हती, ती कोणाच्या हाती द्यायची हे त्यांना स्वतः ठरवायचे होते. सरकारवर भरवसा नव्हता. ज्याच्यावर होता तो माणूस मिठादर भागात, दवाखान्याला लागून असलेल्या एका खोलीत राहत होता.

अब्दुल सत्तार ईधी हे मूळचे आपल्याच बाजूचे. १९२८ साली गुजरातमधल्या, तेव्हाच्या जुनागढ भागातल्या, बांटवा गावी मेमन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत जाताना आई दोन पैसे द्यायची, एक स्वतःसाठी आणि एक दुसऱ्या कोणासाठी, आणि संध्याकाळी दुसऱ्या पैशाचा हिशेब मागायची. पुढे तीच आई अर्धांगवायूने खाटेला खिळली आणि तिची सगळी सेवा या पोराने केली. १९४७ मध्ये कुटुंब कराचीला गेले. तिथे मेमन जमातीने चालवलेल्या एका दवाखान्यात तरुण ईधी काम करू लागले आणि लवकरच वाद झाला. दवाखाना जमातीच्या पैशाचा, म्हणून औषध जमातीच्याच लोकांना, असा तिथला शिरस्ता होता. ईधींना तो पटला नाही. आजाऱ्याची जात विचारायची असेल तर ही सेवा कसली, असे भर सभेत बोलून ते बाहेर पडले आणि १९५१ मध्ये मिठादरला त्यांनी स्वतःचा छोटा दवाखाना थाटला. रात्री बेरात्री कोणी आले तर सापडावे म्हणून ते बाहेरच्या बाकड्यावरच झोपत.

हा वाद इथल्या वाचकांना अनोळखी वाटू नये. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मुस्लिम मोहल्ल्यात चार तरी जमाती सापडतात. मेमन, बागवान, अत्तार, मोमीन, प्रत्येकाचा हॉल वेगळा, शिष्यवृत्ती वेगळी. इतर समाजांचीही मंगल कार्यालये आणि वसतिगृहे याच धर्तीवर उभी आहेत. त्यात गैर काही नाही. माणूस आधी आपल्या घरच्यांचेच पाहतो. पण ईधींची संस्था मोठी झाली ती ही चौकट मोडल्यामुळे, हे विसरता येत नाही.

१९५७ साली कराचीत फ्लूची साथ आली. ईधींनी शहराबाहेर तंबू ठोकले, फुकट लस टोचली आणि तंबूबाहेर दानपेटी ठेवली. हे पाहून एका व्यापाऱ्याने मोठी रक्कम दिली, त्यातून एक जुनीपुराणी व्हॅन आली. तिच्यावर त्यांनी लिहिले, गरिबांची गाडी. चालक तेच, हमाल तेच, मढे उचलणारेही तेच. त्या एका गाडीपासून पुढे दीड हजारांहून अधिक रुग्णवाहिकांचा ताफा उभा राहिला आणि स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवेत जगात सर्वात मोठा म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. कराचीत ११५ हा क्रमांक फिरवला की ती गाडी येते. हिंदूंना आणि ख्रिश्चनांना गाडीत का घेता, असे कोणी विचारले तर माझी गाडी तुमच्याहून जास्त मुसलमान आहे, असे ईधी सांगत. हे उत्तर तिकडे आता म्हणीसारखे झाले आहे.

जनरल झियांनी पाठवलेला धनादेश त्यांनी परत केला. सरकारचा पैसा नको, परदेशी सरकारांचाही नको, रस्त्यावरच्या माणसाने दिलेली नोट चालेल, हा नियम अखेरपर्यंत टिकला. म्हातारपणीही मोठे संकट आले की हा माणूस रस्त्याच्या कडेला झोळी पसरून उभा राहायचा. १९८६ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नी बिल्किस यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हाही घर तेच आणि कपड्यांचे जोड दोनच.

रुग्णवाहिकेपेक्षा अवघड काम मेलेल्यांचे. मोठ्या शहरात बेवारस मढे कोणालाच नको असते. ईधींच्या संस्थेने ते उचलले, धुतले, कफन दिले, आणि मवाच गोठच्या दफनभूमीत नेले. तिथल्या कबरींवर नावे नाहीत, आकडे आहेत. कधी काळी एखादा नातेवाईक शोधत आला तर नोंदवहीतला फोटो पाहून त्याला कबर दाखवता यावी, म्हणून ही सोय. जून २०१५ मध्ये रमजानच्या पहिल्याच आठवड्यात कराचीत उष्णतेची भयानक लाट आली. वीज नाही, पाणी नाही, आणि लोक रोजात. हजारावर माणसे मेली. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडा, असे उलेमांना सांगावे लागले. संस्थेच्या शवागारात जागा उरली नाही. ईधी तेव्हा ८७ वर्षांचे होते आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे डायलिसिसवर होते. तरीही काम थांबले नाही. एकट्या माणसाभोवती फिरणारी संस्था आपल्या पायावर चालू शकते, याची ती पहिली मोठी परीक्षा होती.

या सगळ्यात सर्वाधिक वादाचा ठरला तो पाळणा. संस्थेच्या केंद्रांबाहेर एक लोखंडी झुला ठेवलेला असतो. मूल मारू नका, इथे ठेवा, अशी त्यावर विनंती. ठेवणाऱ्याला कोणी पाहत नाही, नाव विचारत नाही, पोलिसांना कळवत नाही. कचराकुंडीत अर्भके सापडायची, बहुतेक मुली, म्हणून ही कल्पना निघाली. पाळण्याचा कारभार बिल्किस यांच्याकडे होता. त्याही बांटव्याच्याच. जन्म १९४७ चा, पुढे दवाखान्यात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला आल्या आणि संस्थेच्याच झाल्या. आलेली हजारो मुले त्यांनी निपुत्रिक जोडप्यांच्या ओटीत घातली. जोडप्याची मुलाखत त्या स्वतः घेत. जी मुले राहिली ती संस्थेतच वाढली, शिकली. त्यातल्या काही जणी परिचारिका होऊन तिथेच कामाला लागल्या, अनेकींची लग्ने बिल्किस यांनीच लावली. घरातून हाकलून दिलेल्या बायका, वेडसर म्हणून रस्त्यावर सोडलेली माणसे, पळून आलेली पोरे, सगळी एका छताखाली. स्वयंपाक, कपडे, लहानग्यांची देखभाल हे काम तिथे राहणाऱ्यांनीच वाटून घेतलेले. त्याला आश्रम म्हणण्यापेक्षा मोठे, गोंगाटाचे, जरासे गैरशिस्तीचे एकत्र कुटुंब म्हणणे बरे.

पाळण्यामुळे व्यभिचाराला प्रोत्साहन मिळते, असे म्हणत काही मौलवींनी फतवे काढले. मराठी वाचकाला हे ऐकून पुणे आठवेल. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे अशी जाहिरात लावली, तेव्हा त्यांच्यावरही हाच आरोप झाला. तिथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. धर्म वेगळा, शतक वेगळे, पण आरोपाची भाषा मात्र शब्दशः तीच.

फतव्यांपेक्षा नाजूक प्रश्न बापाच्या नावाचा होता. अनाथाचा सांभाळ इस्लाममध्ये फार मोठे पुण्य मानले आहे. पैगंबर स्वतः पोरके वाढले होते. पण सांभाळलेल्या मुलाला त्याच्या जन्मदात्या बापाच्याच नावाने हाक मारा, असा कुरआनचा आदेश आहे. हेतू हा की मुलाची ओळख पुसली जाऊ नये. आता ज्या मुलाचा बाप कोण हेच माहीत नाही त्याने काय करायचे? बापाच्या नावाशिवाय पाकिस्तानात ओळखपत्र मिळत नसे, आणि ओळखपत्राशिवाय परीक्षा, नोकरी, काहीच नाही. ईधींनी हजारो मुलांच्या कागदांवर पालक म्हणून स्वतःचे नाव लावले. हा आकडा वीस हजारांच्या घरात सांगितला जातो. अखेर त्यांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि २०१४ पासून अनाथालयाच्या प्रमुखाला अशा मुलांचा पालक म्हणून नोंदवता येऊ लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निकाल दिला की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला, अर्थात मुसलमानालाही, मूल दत्तक घेता येते, सक्ती मात्र कोणावर नाही. निपुत्रिक जोडप्यांच्या घरात हा निकाल पोहोचायला हवा होता तेवढा पोहोचलेला नाही. शुक्रवारच्या खुत्ब्यात त्याचा उल्लेख क्वचितच होत असेल.

आता मराठवाड्याचे ऋण. या शतकाच्या सुरुवातीला लाहोर स्थानकावर समझोता एक्स्प्रेसमध्ये पाकिस्तानी रेंजर्सना एक लहान मुलगी सापडली. तिला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. ती ईधींच्या संस्थेत पोहोचली. बिल्किस यांनी तिचे नाव फातिमा ठेवले. काही दिवसांनी तिच्या वागण्यावरून ती हिंदू असावी हे लक्षात आले, तेव्हा त्यांनी नाव बदलून गीता केले. तिच्यासाठी देवांच्या तसबिरी आणल्या, पूजेला जागा दिली. ज्या इमारतीत पाच वेळा नमाज होते आणि रमजानात सगळ्यांच्या सहेरीची भांडी पहाटे वाजतात, तिथेच एका कोपऱ्यात या मुलीचे देव मांडलेले होते. तिला कलमा शिकवायला कोणी गेले नाही. धर्माच्या नावाने दोन्ही बाजूंना काय काय चालते हे पाहता या छोट्या गोष्टीचे मोल जरा थांबून जोखायला हवे. बोलू न शकणाऱ्या, कोणीही वाली नसलेल्या पोरीचा धर्म बदलणे याहून सोपे काही नव्हते.

२०१५ मध्ये ‘बजरंगी भाईजान’ चित्रपट आला, गीताची बातमी झाली, आणि त्या वर्षी २६ ऑक्टोबरला बिल्किस स्वतः तिला घेऊन दिल्लीला आल्या. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तिचे स्वागत केले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी संस्थेला एक कोटी रुपये जाहीर केले. ईधींच्या कुटुंबाने आभार मानून ते नाकारले, कारण नियम नियम होता. जो झियांना लागू, तोच मोदींनाही. गीता इंदूरच्या मूकबधिर संस्थेत राहिली. अनेक कुटुंबांनी ती आमची म्हणून दावे केले, ते टिकले नाहीत. तिला आठवत होते एक रेल्वे स्थानक आणि भोवतीची शेते. त्या खुणांवरून शोध परभणीपर्यंत आला. लहानपणी चुकून ती सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसली असावी, ती गाडी अमृतसरला जाते आणि तिथून पुढे समझोता, असा शोधणाऱ्यांचा कयास. मार्च २०२१ मध्ये तिची आई महाराष्ट्रात सापडल्याचे बिल्किस यांनी कराचीतून जाहीर केले. एका मराठी घरातली मुलगी वर्षानुवर्षे कोणाच्या जकातीवर, कोणाच्या सदक्यावर वाढली, याचा हिशेब कराचीच्या पावतीपुस्तकांतून शोधून सापडणार नाही.

पुढच्याच महिन्यात भारतात करोनाची दुसरी लाट उसळली. तेव्हाही रमजान सुरू होता. ईधींचे पुत्र फैसल यांनी भारताच्या पंतप्रधानांना पत्र लिहून ५० रुग्णवाहिका आणि माणसे पाठवण्याची तयारी दाखवली. इंधन, जेवण सगळे आमचे, फक्त परवानगी द्या, असे त्या पत्रात होते. ताफा आला नाही. दोन देशांतले संबंध पाहता येणारही नव्हता.

या संस्थेचे कौतुक करताना तिची दुखणी झाकण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंदूकधाऱ्यांनी मिठादरच्या कार्यालयात शिरून सोने आणि रोकड लुटली. लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेले किलोंनी सोने एका जुन्या इमारतीत ठेवणे हा साधेपणा होता की बेफिकिरी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बकरी ईदच्या कातड्यांवरून राजकीय पक्षांच्या टोळ्यांनी संस्थेच्या माणसांना दमदाटी केली. ८ जुलै २०१६ रोजी, ईद होऊन दोनच दिवस झाले असताना, ईधी गेले. डोळे दान करून, अंगावरच्या जुन्याच कपड्यांत, स्वतः आधीच खणून ठेवलेल्या कबरीत. त्यानंतर देणग्या घटल्या, हे फैसल यांनीच सांगितले. लोकांनी माणसाला पैसे दिले होते, संस्थेला नव्हे. कराचीत आता सैलानी आहे, छीपा आहे. त्यांचे रस्त्यावरचे इफ्तारचे दस्तरखान मोठे आणि झगमगीत असतात. १५ एप्रिल २०२२ रोजी, रमजान चालू असतानाच, बिल्किसही गेल्या. आज सगळा भार फैसल यांच्यावर आहे. आणखी एक कडू गोष्ट अशी की दीड हजार खासगी रुग्णवाहिका लागाव्यात, हा त्या देशाच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेचा जाहीरनामाच म्हणायचा. एक भला माणूस सगळे करतो म्हटल्यावर मंत्र्यांना घाई कशाला?

इथल्या गावांमध्ये असे काही होऊच शकत नाही, असे मात्र नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीतली ईद आली, तेव्हा इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानच्या दानातून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या खाटेवर कोण झोपणार, हे देणाऱ्यांनी विचारले नव्हते. जकातीचा पैसा बिगरमुस्लिमांवर खर्चता येतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत, बहुतेकांचे उत्तर नाही असेच आहे. पण लिल्लाह आणि सदक्याला तशी आडकाठी नाही, आणि पावतीपुस्तकात तो रकाना पहिल्यापासून छापलेला असतो.

अडचण दुसरीच आहे. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत पावत्या फाटतात, ईदची नमाज होते, शीरखुर्मा खाल्ला जातो आणि पुस्तके कपाटात जातात. किती जमले, कोणाला दिले, किती उरले, हा साधा कागद ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याला मशिदीच्या फलकावर लावणाऱ्या जमाती अजून फार थोड्या आहेत. ईधींच्या आईने हा हिशेब रोज संध्याकाळी मागितला होता, आणि तोही एका पैशाचा.